छप्पन्न फुटांचे तरंगते घर
शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करणारा माणूस राहतो कोठे, झोपतो कसा, स्वयंपाक कसा करतो?

सातारा/सांगली (प्रतिनिधी) : फलटण तालुक्यातील विंचुर्णी हे कमी पावसाच्या पट्ट्यातील गाव. समुद्राशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारले तर पटकन उत्तर सापडणार नाही. मात्र, भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, या स्वप्नाचा पाठपुरावा करणारे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर याच गावात राहत होते. १९७१ च्या युद्धात 'कमोर्टा' या युद्धनौकेचे नेतृत्व करणारे आणि वीरचक्राने गौरविलेले आवटी १९८३ मध्ये निवृत्त झाले. पुढे २००६ मध्ये नौदलाने त्यांची कल्पना उचलून धरली, कमांडर दिलीप दोंदे या मोहिमेसाठी पुढे आले आणि 'सागर परिक्रमा' आकाराला आली. त्यासाठी गोव्यात बांधलेली नौका म्हणजे 'म्हादेई'.

या मोहिमांच्या बातम्या वाचकांनी वाचल्या आहेत. शिडे फुगवून निघालेल्या नौकेची छायाचित्रेही सर्वांनी पाहिली आहेत. पण त्या शिडांच्या खाली, नौकेच्या पोटात काय असते, याची माहिती फारशी दिली जात नाही. माणूस पाच-सहा महिने, कधी आठ-नऊ महिने ज्या घरात राहतो ते घर कसे असते? त्याची मांडणी कोण ठरवते? आणि ती चुकली तर काय होते? या प्रश्नांची उत्तरे समजून घेतली, की आतली व्यवस्था ही हौसेची बाब नसून जिवाची बाब आहे, हे ध्यानात येते.

चेसिस ओळखीची, बॉडी मालकाची

पुणे-बेंगळुरू महामार्गावर सातारा, कराड किंवा पेठ नाक्याच्या आसपास नुसती चेसिस घेऊन जाणारे चालक आपण नेहमी पाहतो. तोंडाला फडके, डोळ्यांना गॉगल, समोर स्टिअरिंग आणि मागे उघडा सांगाडा. इंजिन, चाके आणि सांगाडा कारखान्याचा. त्यावर ट्रकची, टँकरची की बसची बॉडी चढवायची हे मालक ठरवणार. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत वर्षानुवर्षे हेच काम होत आले आहे.

शिडाच्या नौकांमध्येही साधारण असाच प्रकार आहे. काही नौका कारखान्यात साच्यातून एकसारख्या निघतात. त्यात पडद्याचा रंग सोडला तर मालकाला फारसे बदलता येत नाही. दुसऱ्या टोकाला कोऱ्या कागदापासून एकाच मालकासाठी आखलेली नौका असते. ती महाग पडते आणि समुद्रात उतरेपर्यंत तिच्या गुणदोषांची खात्री नसते. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे 'सेमी-कस्टम' नौका. तिचा तळ, कणा आणि बाह्य आकार आधी सिद्ध झालेला असतो. आतील बिछाने, स्वयंपाकघर, टाक्या, कपाटे आणि उपकरणे मालकाच्या गरजेप्रमाणे बसविली जातात.

अमेरिकेतील मेन राज्यात हिंकली कंपनीने १९५९ पासून बांधलेली 'बर्म्युडा ४०' ही या प्रकारची जुनी आणि मानाची नौका मानली जाते. एकाच आकाराच्या सुमारे दोनशे नौका तीन दशकांत बांधल्या गेल्या. आतील सुतारकाम मात्र मालकाच्या पसंतीप्रमाणे बदलत गेले. वॉशिंग्टन राज्यातील पोर्ट टाउनसेंड येथील 'केप जॉर्ज ३६' आणि इंग्लंडमधील फाल्मथची 'रस्लर ३६' याही याच घराण्यातल्या. एकट्याने, न थांबता आणि जुन्या पद्धतीच्या साधनांनी जग फिरण्याच्या २०२२ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत पहिली आलेली कर्स्टन नॉयशेफर 'केप जॉर्ज ३६' मधून, तर दुसरे आलेले भारताचे अभिलाष टॉमी 'रस्लर ३६' मधून गेले होते. दोघांनीही एप्रिल २०२३ मध्ये फ्रान्सचा किनारा गाठला.

'म्हादेई' आणि तिची धाकटी बहीण

'म्हादेई'ची गोष्ट याच मार्गाने जाणारी आहे. नेदरलँड्समधील व्हॅन डे श्टाट या आराखडाकारांचा 'टोंगा ५६' हा तयार आराखडा निवडण्यात आला आणि गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस या गोदीत बांधणी झाली. अशी नौका या गोदीने त्यापूर्वी बांधलेली नव्हती. लाकडाचा गाभा आणि त्यावर काचतंतूचे आवरण, अशी तिची बांधणी आहे. लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन आणि डोलकाठीची उंची २५ मीटर, म्हणजे जवळपास आठ मजली इमारतीएवढी. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली.

५६ फूट म्हणजे नेमके किती, हे सांगलीकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. त्या मोजपट्टीएवढी उंची आडवी केली, की 'म्हादेई'ची लांबी होते. रस्त्यावरील मापात सांगायचे तर दीड एसटी. रुंदी मात्र मधोमधच भरपूर, दोन्ही टोकांना निमुळती. यातूनच राहण्याची, झोपण्याची, स्वयंपाकाची, शिडे ठेवण्याची, इंजिनाची, पाण्याची आणि डिझेलची जागा काढायची.

दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे त्याच आराखड्यावर त्याच गोदीने 'तारिणी' बांधली. म्हणजे 'चेसिस' ओळखीची झाली होती.

पहिले गणित वजनाचे

बामणोलीहून लाँचने वासोट्याकडे गेलेल्यांना आठवत असेल, की सगळे एका बाजूला सरकले तर नावाडी लगेच ओरडतो. वजन कोठे आहे यावर बोटीचा तोल अवलंबून असतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, हे तेव्हा समोर आले. त्यामुळे बोटीच्या तोलाचा विषय या भागाला परका नाही.

शिडाच्या नौकेत हे गणित अधिक काटेकोर असते. शिडावर वाऱ्याचा दाब पडतो आणि नौका एका बाजूला झुकते. तिला पुन्हा उभे करण्याचे काम तळाशी असलेल्या कण्याचे जड वजन करते. तळाशी ठेवलेल्या या वजनाला मराठीत 'नीरम' असा जुना शब्द आहे. आतील मांडणी करताना नियम एकच. जड वस्तू खाली आणि मध्यावर, हलक्या वस्तू वर आणि टोकांना. पाण्याच्या व डिझेलच्या टाक्या, बॅटऱ्या आणि डबाबंद अन्न म्हणूनच फळ्यांच्या खाली, नौकेच्या पोटात जाते.

येथेच मालकाच्या हौसेचा आणि समुद्राच्या नियमांचा संघर्ष सुरू होतो. आणखी एक बिछाना, मोठा फ्रीज, वातानुकूलन यंत्र, जड लाकडी कपाटे अशी यादी वाढत जाते. प्रत्येक वस्तू वेगवेगळी पाहिली तर क्षुल्लक वाटते; एकत्र मात्र टनाचा हिशेब होतो. उसाची ट्रॉली उंच भरली की वळणावर कशी कलते, हे आपल्याकडे गळीत हंगामात दर वर्षी दिसते. नौकेत वजन वर चढले की तसेच घडते. फरक इतकाच, की तेथे वळण येण्याची वाट पाहावी लागत नाही, प्रत्येक लाट हे वळणच असते.

बिछाना अरुंद तितका चांगला

बंदरात उभी असलेली नौका पाहायला गेले, की सर्वांत आधी नजर जाते ती पुढच्या टोकाच्या खोलीतील प्रशस्त पलंगाकडे. भर समुद्रात तो जवळजवळ निरुपयोगी असतो. लाटांवर नौकेचे पुढचे टोक सर्वाधिक वर-खाली होते आणि तेथे झोपलेला माणूस अक्षरशः उडतो. हालचाल सर्वांत कमी असते ती मध्यावर आणि थोडी मागे. म्हणून समुद्रातील झोपेचे बिछाने तेथे, नौकेच्या लांबीच्या दिशेने आणि जेमतेम दोन फूट रुंदीचे ठेवतात. अरुंद बिछान्यात शरीर लोळत नाही. शिवाय उघड्या बाजूला जाड कापडाची कनात छताला ताणून बांधतात. नौका त्या बाजूला झुकली, की झोपलेला माणूस कनातीत विसावतो. खाली पडत नाही.

माणसे अधिक असतील तर पहाऱ्याच्या पाळ्या लावतात. एक पाळी वर असते तेव्हा दुसरी झोपते, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र बिछाना लागतोच असे नाही. एकट्या नाविकाला मात्र ही चैन नसते. तो तुकड्यातुकड्यांनी झोपतो आणि त्याचा बिछाना जिन्यापासून व उपकरणांपासून दोन पावलांवर असावा लागतो.

२०१८ मध्ये याचा कठोर प्रत्यय आला. त्या वर्षीच्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत अभिलाष टॉमी 'थुरिया' या नौकेतून गेले होते. ही नौकाही गोव्यात ॲक्वेरियसनेच बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. चालता येत नसल्याचा संदेश त्यांनी पाठवला. त्यानंतर २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने सुटका करेपर्यंत त्यांना आपल्या बिछान्यात पडून राहावे लागले. अशा वेळी नौका ३२ फुटांची आहे की ५६ फुटांची, याला अर्थ उरत नाही. बिछान्यातून हात जेथपर्यंत पोहोचतो, तेवढीच नौका उरते. पाणी, औषध आणि संदेशाचे यंत्र त्या अंतरात आहे की नाही, हे मात्र नौका बांधतानाच ठरलेले असते.

झुलती शेगडी

नौका वाऱ्यावर चालते तेव्हा वीस-पंचवीस अंशांनी कललेली असते, आणि कधी कधी एकाच बाजूला आठवडाभर. अशा स्थितीत चहाचे आधण ठेवायचे कसे? यासाठी शेगडी दोन खिळींवर टांगलेली असते. नौका कलली तरी शेगडी झुलून सपाट राहते. भांडी घसरू नयेत म्हणून त्यांना चिमट्यांनी जखडतात. शेगडीसमोर मजबूत आडवा दांडा असतो, म्हणजे तोल गेलेला माणूस उकळत्या भांड्यावर पडत नाही. स्वयंपाक करणाऱ्याच्या कमरेला पट्टा बांधण्याचीही सोय असते.

भांडी धुण्याची मोरी शक्यतो मधल्या रेषेजवळ असते. ती एका कडेला असेल तर नौका त्या बाजूला कलताच समुद्राचे पाणी उलटे वर येऊ शकते. गॅसचा नियम तर प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. घरात दार उघडले की तो निघून जातो. नौकेच्या पोटाला खाली दारच नसते. म्हणून सिलिंडर बाहेरच्या बाजूला, वेगळ्या बंद कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट समुद्रात उघडणारे छिद्र असते.

पाण्याची टाकी एकच नको

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी एका माणसाला दिवसाला तीन लिटर पाणी धरले, तरी दीडशे दिवसांचे साडेचारशे लिटर होते. वजन साडेचारशे किलो. हे पाणी एका मोठ्या टाकीत ठेवले, तर नौका कलली की सगळे एका बाजूला धावते आणि कलणे आणखी वाढते. म्हणून नौकेच्या टाक्यांत आडव्या भिंती घालतात आणि पाणी अनेक टाक्यांत विभागतात.

विभागणीचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. एक टाकी नासली तरी दुसरी वाचावी. टॉमी यांच्या २०१२-१३ च्या प्रवासात 'म्हादेई'वरील पिण्याचे पाणी डिझेल मिसळून खराब झाले आणि त्यांना पावसाच्या पाण्याचा आधार घ्यावा लागला. त्याआधी ४४ वर्षांपूर्वी हाच प्रसंग दुसऱ्या एका नौकेवर आला होता, आणि योगायोगाने ती होती मुंबईत बांधलेली 'सुहैली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश खलाशाने १९६० च्या दशकात मुंबईत सागवानात बांधून घेतलेली ही अवघ्या ३२ फुटांची नौका. १९६८ मध्ये दक्षिण महासागरात लाटेने तिला आडवे पाडले, केबिनचा सांगाडा जागचा हलला आणि पुढे टाक्यांतील पाणी पिण्याजोगे राहिले नाही. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पावसाचे पाणी धरत प्रवास चालू ठेवला आणि एप्रिल १९६९ मध्ये एकट्याने, न थांबता जग फिरणारा पहिला माणूस म्हणून ते परतले. दोंदे यांनीही मोहिमेच्या तयारीत त्यांच्याकडे काही काळ धडे घेतले होते. 'थुरिया' ही तर या 'सुहैली'चीच प्रतिकृती होती.

शौचालयाबाबतही असेच. हातपंपाचे शौचालय समुद्राचे पाणी आत घेते आणि बाहेर टाकते, म्हणजे नौकेच्या तळाला मुद्दाम ठेवलेली ती भोके असतात. प्रत्येक भोकाला हाताने बंद करता येणारी तोटी हवी आणि अंधारातही हात तेथे पोहोचायला हवा. पडद्यामागे, कपाटामागे सुबकपणे लपवलेली तोटी ही बंदरातली शोभा आणि समुद्रातला धोका.

हाताला सतत आधार

मोठ्या, मोकळ्या दालनाचे घरात कौतुक असते. नौकेत मोकळी जागा म्हणजे पडण्याची जागा. म्हणून छताला, जिन्याला, कपाटांच्या कडांना सलग दांडे असतात. एक हात सुटण्याआधी दुसरा धरता आला पाहिजे. टेबलांना बोटभर उंच काठ, कपाटांना उचलल्याशिवाय न उघडणारी खिट्टी, सर्व कोपरे गोल. पायाखालच्या फळ्याही खिट्टीने जखडलेल्या असतात. नौका उलटली तर फळी, बॅटरी आणि डबे छताकडे झेपावतात. त्यांचा मार शिडाच्या दांड्यापेक्षा कमी नसतो.

जिन्याजवळ नकाशाचे टेबल असते. उपग्रहावरून स्थान दाखवणारी यंत्रे आली तरी ते गेलेले नाही, कारण रेडिओ, वीज आणि हवामानाची नोंद यांचे केंद्र तेच. ओले कपडे टांगण्याचे कपाटही जिन्याशीच असते, म्हणजे खारे पाणी आत पसरत नाही. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते. एकदा गादी खाऱ्या पाण्याने भिजली, की गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय ती नीट सुकत नाही.

आतल्या लाकडाचा आणखी एक उपयोग टॉमी यांनी २०२२-२३ च्या शर्यतीत दाखवून दिला. वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूचे भाग वारंवार मोडले, तेव्हा नव्या भागांसाठी त्यांनी शौचालयाचा दरवाजाही कापला. घर हेच त्यांचे सुट्या भागांचे दुकान ठरले.

सहा जणी, मग दोघी

एकाच आराखड्याची नौका वेगवेगळ्या माणसांना कशी सामावते, याचे उदाहरण 'तारिणी'ने दिले. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी परतल्या. सहा जणींसाठी बिछाने, पाणी, अन्न आणि थोडा एकांत, असा तो हिशेब होता. त्याच नौकेतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. आता अन्नपाणी कमी लागणार होते, पण एक झोपली की दुसरी वर एकटी. गर्दीचा प्रश्न मिटला आणि एकमेकींपर्यंत आवाज पोहोचण्याचा प्रश्न उभा राहिला.

सेमी-कस्टम पद्धतीचे मर्म यातच आहे. नौकेचा बाह्य आकार आराखडाकाराचा आणि त्याची परीक्षा आधीच झालेली असते. आतल्या चुका मात्र मालकाच्या आणि सुताराच्या स्वतःच्या असतात, आणि त्यांची परीक्षा किनाऱ्यापासून हजारो मैलांवर होते. गोव्यातील कारागिरांनी 'म्हादेई'नंतर 'तारिणी' बांधली, तेव्हा त्यांच्या हाताशी दोन प्रदक्षिणांचा अनुभव होता. आपल्या देशाने या मोहिमांतून मिळवलेली ही खरी पुंजी म्हणता येईल.

आवटी यांचे नोव्हेंबर २०१८ मध्ये निधन झाले. सहा जणी घेऊन परतलेली 'तारिणी' त्यांनी पाहिली. दोघींची प्रदक्षिणा पाहायला ते नव्हते. साताऱ्यात १९६१ पासून देशातील पहिली सैनिक शाळा आहे आणि तेथील मुले राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जातात. त्यांच्यापैकी कोणी उद्या अशा नौकेवर पाऊल ठेवेल. त्याने डोलकाठीकडे जरूर पाहावे. पण आधी जिना उतरून खाली जावे, बिछान्यात आडवे व्हावे आणि हात लांब करून पाहावा. पाण्याची बाटली त्या हाताला लागते का?